शेवटचा पीळ लाकडाचा

माझी सवत माझ्या आधीपासून होती, म्हणून आम्ही तिला थोरली म्हणायचो. लग्न ठरलं तेव्हा यांनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते तिच्याकडेच. सिनेमा नाही, बाग नाही, हॉटेल नाही. पार्कच्या मागच्या फाटकातून आत नेलं, लाकडी खांबांच्या गर्दीत उभं केलं आणि मान वर करून म्हणाले, "ही." मी म्हटलं, "बरी आहे. उंच फार आहे. माझं काही जमायचं नाही हिच्याशी." हे हसले. मी थट्टा करत नव्हते, पण त्यांना ती थट्टा वाटली आणि पुढे आयुष्यभर तीच चालली.

थोरली म्हणजे लाकडी रोलर कोस्टर. लोखंडी नळ्यांचे गुळगुळीत कोस्टर असतात, तसा नव्हे. खालपासून वरपर्यंत लाकूड, त्यावर लोखंडाची पट्टी आणि पट्टीवरून धावणारी गाडी. हे तिचे मिस्त्री. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी हातोडी घेऊन रुळावरून चालत जायचं, पहिल्या चढापासून शेवटच्या वळणापर्यंत, फळी फळी ठोकत. सैल असेल ते कसायचं, कुजलेलं असेल ते बदलायचं. मी खाली फलाटावर, ब्रेकवर. आमच्या थोरलीचा ब्रेक हाताचा होता. माझ्या छातीएवढा उंच दांडा, तो मागे ओढला की गाडी थांबायची. नवीन कोस्टरना हे काम यंत्र करतं. थोरलीला माणूस लागायचं, आणि ते माणूस मी.

आणि आमचा एक नियम होता. मिस्त्री रुळावर असला की ब्रेकवाल्याचा हात दांड्यावर. गाडी जागेवर बांधलेली असली, तिला चढावर ओढून नेणारी चेन बंद असली, तरीही. दांड्यावर हात पडल्याशिवाय मिस्त्रीनं पहिली पायरी चढायची नाही आणि तो खाली उतरल्याशिवाय ब्रेकवाल्यानं हात काढायचा नाही. मग घरात आग लागो. माझी आई गेली तो निरोप आला तेव्हा हे वर होते. चेनवाल्यानं फोन माझ्या कानाला लावून धरला आणि मी एका हातानं डोळे पुसले. दुसरा दांड्यावर. यांना खाली आल्यावरच कळलं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, कुणी शिकवलाही नव्हता. जुन्या मिस्त्रींच्या वेळी कधीतरी काहीतरी झालं होतं म्हणे. काय झालं ते कुणी सांगायचं नाही.

रांगेतले लोक मला विचारायचे, "काय हो, किती जुनी आहे ही? अजून किती टिकेल?" मी सांगायचे, "तुम्ही उतरेपर्यंत टिकेल." काही जण हसायचे, काही जण रांग सोडून जायचे.

खरं उत्तर वेगळं आहे. लाकडी कोस्टर एकदम म्हातारा होतच नाही. आज ही फळी जाते, उद्या तो खांब. बदलत राहिलं तर तो बदलणाऱ्याला पुरून उरतो. यांच्या हातून थोरलीचं जवळजवळ सगळं लाकूड बदलून झालं होतं. मी म्हणायचे, "जिच्यावर जीव जडला ती तरी आता कुठे राहिलीये?" हे माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "तुझं तरी काय राहिलंय?" चेनवाला तिकडून ओरडायचा, "मिस्त्री, आज जेवायला मिळणार नाही तुम्हाला." असे आमचे दिवस गेले. वाईट गेले असं मी म्हणणार नाही.

पण मी थकले होते आणि मला ती बंद व्हायला हवी होती. हे मी कुणापासून लपवलं नाही.

आमची एकुलती लेक दुसऱ्या शहरात असते. तिनं आणि जावयानं घर घेतलं तेव्हा एक खोली आमच्यासाठी म्हणून ठेवली. खिडकीला पडदे लावले, दोन पलंग टाकले आणि फोटो पाठवला. मी तो फोटो यांना दाखवला. हे म्हणाले, "छान आहे. थोरली निवृत्त झाली की जाऊ." मग नातू झाला. "थोरली निवृत्त झाली की जाऊ." नातू शाळेत जायला लागला, तरी यांचं तेच. दर हंगामाच्या शेवटी पार्कात कुजबुज व्हायची की आता ही शेवटची, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला चेनवाला तेलाचा डबा घेऊन हजर. ते फोटोतले पडदे लेकीनं दोनदा बदलले.

त्यातच यांचा हात थरथरायला लागला. उजवा. कपात चहा ओतताना दिसायचं. वर पाना धरला की थांबतो म्हणायचे, आणि मला ते खरंही वाटायचं, कारण खालून दिसायचंच काय? मग एका सकाळी मोठ्या उतारावर यांचा पाय सरकला. मी खालून बघितलं. एक पाय फळ्यांच्या मधून खाली लोंबत होता आणि हे दोन्ही हातांनी रुळाला धरून होते. मी ओरडले नाही. दांडा सोडून धावताही येत नव्हतं. हे सावरले, उठले आणि पुढे ठोकत गेले. खाली आल्यावर मी म्हटलं, "एक दिवस तुम्ही मला हिच्या पायाशी सापडाल." हे म्हणाले, "मग तुझ्या मनासारखं होईल, ही आणि मी एकदमच सुटू." त्या दिवशी खरंच जेवायला वाढलं नाही मी. त्यांनी स्वतःच वाढून घेतलं.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. ते पडायच्या आधी ती बंद व्हावी.

तळ्याच्या पलीकडे एक लोखंडी कोस्टर होता. थोरलीनंतर बऱ्याच वर्षांनी आलेला, म्हणून ती धाकटी. निळी, चकचकीत, दोन वेळा उलटी फिरणारी. तिच्यापुढे लांबच लांब रांगा लागायच्या आणि थोरलीच्या फलाटावर आम्ही माशा मारत बसायचो. मग धाकटीच्या सांध्यांत बारीक चिरा निघाल्या. लोखंड आतून थकतं, बाहेरून रंग कसा का असेना. एकदा वेल्डिंग केलं, दोनदा केलं. तिसऱ्यांदा तपासणीवाल्यांनी मान हलवली. तिचे भाग बनवणारी कंपनीही तोवर उठून गेली होती. एका आठवड्यात कापणारे आले, तुकडे केले आणि ट्रकवर घालून नेले. तिथे आता गवत आहे. चेनवाला म्हणाला, "बघा, नवी होती ती गेली, आणि आपली म्हातारी ठणठणीत." हे खूश झाले. मी त्या गवताकडे बघत राहिले. किती सरळ झालं होतं सगळं. मला धाकटीचा हेवा वाटला.

पुढच्या वर्षी हंगाम संपल्यावर मॅनेजरनं आम्हाला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नाही, फक्त कुणाकडे बघून बोलत नाही. टेबलावरच्या पेनाशी खेळत म्हणाला की हंगाम उघडायच्या आधी थोरलीची मोठी तपासणी होणार. पास झाली तर पुढची काही वर्षं बघायला नको. नापास झाली तर बंद. "लोक म्हणतात फार हलते," तो म्हणाला. "उतरल्यावर अंग दुखतं म्हणतात. वर बसलं की सगळा सांगाडा डुलताना दिसतो, भीती वाटते."

"भीती वाटायलाच पैसे देतात ना?" मी म्हटलं.

"ती भीती वेगळी, बाई," तो पेनाला म्हणाला.

घरी जाताना हे एकदाच बोलले, "डुलताना दिसते म्हणे." जणू कुणी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं की तुमची बायको दारू पिऊन चालते.

आता हे ज्यांच्याकडे शिकले त्या जुन्या मिस्त्रींचं एक वाक्य होतं: शेवटचा पीळ लाकडाचा. नट कसताना पाना थांबायला लागला की आपणही थांबायचं. अजून एक पीळ बसेल असं हाताला वाटतं, तो द्यायचा नाही. तो लाकडासाठी ठेवायचा, कारण लाकूड ओल्या हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं आणि गाडी गेली की डुलतं. डुलतं म्हणून टिकतं. हे वाक्य हे सगळ्या हाताखालच्या माणसांना ऐकवायचे. मला तर इतक्या वेळा ऐकवलं होतं की बरणीचं झाकण लावतानाही मी तेच वाक्य म्हणायचे.

आणि त्याच माणसानं त्या हिवाळ्यात थोरलीचा शेवटचा पीळ काढून घेतला.

कोरडी थंडी होती. पार्क बंद. रोज सकाळी मी दांड्यावर आणि हे वर, दिवस कलेपर्यंत. पान्याला लोखंडी पाईप जोडला होता, म्हणजे जोर जास्त लागतो. नट कचकच करेपर्यंत आवळायचे. जिथे डुलते तिथे तिरक्या फळ्या जास्तीच्या ठोकल्या. घरी यायचे तेव्हा हाताला फोड असायचे आणि चेहरा असा की मला काही बोलवायचं नाही. एकदा विचारलं, "इतकं आवळताय?" म्हणाले, "तपासणीपुरतं. नंतर सोडतो." मला ते पटलं नाही. पण ते त्यांचं काम होतं. मी त्यांना लाकडाचं शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं.

थंडी सरली, हवा दमट झाली. चाचणीचा दिवस आला. गाडीत वाळूच्या गोण्या बसवल्या, चेनवाल्यानं चेन सुरू केली आणि गाडी गेली. मी दांडा धरून उभी होते. इतक्या वर्षांत मला गाडी दिसायच्या आधी दांड्यात कळायची. शेवटच्या वळणाला ती आली की दांडा हातात घुमायचा, मांजर घुरघुरतं तसा. त्या दिवशी घुमला नाही. ठक ठक ठक असा कोरडा मार आला, खांद्यापर्यंत. गाडी फलाटात शिरली ती वेगात आणि आखडून. मी जीव खाऊन दांडा ओढला तेव्हा थांबली. सांगाडा मात्र हलला नाही. एक खांब हलला नाही. हे खाली उभे राहून बघत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"बघितलंस?" म्हणाले. "कोण म्हणतो डुलते?"

मी म्हटलं, "अहो, काहीतरी चुकलंय. ती मारतेय. माझ्या हाताला लागलं."

"नवीन कसलीये म्हणून वाटतं तसं."

"वाटत नाहीये. तिला हलायला जागा नाही ठेवलेली तुम्ही. थोडं सोडा. अजून वेळ आहे."

यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, समजूतदारपणे, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "तुझं बरोबर आहे गं. तुला ती नकोच आहे. मी सोडली की तपासणीत डुलणार, आणि मग तू बॅगा भरणार."

मी म्हटलं, "मला ती नकोय, पण मी हाताचं खोटं सांगत नाही."

"सवतीबद्दल कोण खरं सांगतं?" असं म्हणून हे हसले. चेनवालाही हसला. आयुष्यभर जी थट्टा केली तिनं त्या दिवशी माझा शब्द खाल्ला. मला खरंच ती बंद व्हायला हवी होती. पण मला माझं काम येत होतं आणि मी खरं बोलत होते. ते ऐकायला या माणसाच्या जवळ तेवढा एक क्षण नव्हता.

तपासणीला एक बाई आल्या. आमच्या लेकीच्या वयाच्या. चिडचिड नाही, तोरा नाही. गाडीत स्वतः बसल्या, पुढे, मध्ये आणि मागे. तिसऱ्यांदा उतरल्या तेव्हा मान चोळत होत्या. मग यांच्याबरोबर वर चढल्या. मी दांड्यावर. खूप वेळ लागला. मोठ्या वळणाच्या खाली दोघंही वाकून काहीतरी बघत होते आणि मग हे बघायचे थांबले, नुसतेच उभे राहिले. तेव्हाच मला कळलं.

खाली आल्यावर बाईंनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. कोरड्या दिवसांत नट फार आवळले गेले. हवा दमट झाल्यावर लाकूड फुगलं, त्याला जागाच नव्हती, त्यात गाडीचे धक्के. बोल्टच्या भोवती लाकूड उभं चिरलंय. एका ठिकाणी नाही. सगळीकडे, आतून. आता बोल्ट सोडले तरी चिरा बुजणार नाहीत. सगळे मोठे खांब बदलावे लागतील आणि ते कुणी बदलणार नाही. "लाकूड चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "बराच काळ गेलं असतं. हे कुणी आवळलं?"

हे म्हणाले, "मी."

बाईंना वाईट वाटलं. त्यांनी यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "डुलत होती म्हणून आवळलं असेल ना? डुलण्याचं काही नव्हतं हो. डुलण्यावर मी पास केली असती."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. त्या बिचाऱ्यांना काय माहीत. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. यांनी ते उभ्यानं ऐकलं, मान हलवली आणि पाना पेटीत ठेवायला गेले. पेटीचं झाकण त्यांना लावता येईना. मी लावलं.

मला हवं ते झालं होतं. मी घरी जाऊन बॅगा काढल्या. कपडे भरले, भांडी शेजारणीला द्यायची ती वेगळी केली, लेकीला फोन केला. ती रडली, आनंदानं. नातवानं विचारलं, आजोबा हातोडी आणणार का? मी म्हटलं, आणतील. हे पलंगावर बसून माझ्याकडे बघत होते. जाऊ नको म्हणाले नाहीत. येतो असंही म्हणाले नाहीत. मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. थोरली पाडतील, ट्रकवरून जाईल, चार दिवस बघवणार नाही, मग तिथे गवत येईल आणि हे माझ्याबरोबर गाडीत बसतील.

चेनवाला निरोप घ्यायला आला तेव्हा त्यानं सांगितलं. पाडणार नाहीयेत.

मी धावत ऑफिसात गेले. मॅनेजर पेनाशी खेळत होता. म्हणाला, पाडायचा खर्च फार आहे. शिवाय रस्त्यावरून तीच दिसते, पार्कच्या पाट्यांवर तिचंच चित्र आहे. राहू दे उभी. संध्याकाळी दिवे लावू, शोभा येते. फलाटाला कठडा घालू, गाडी विकून टाकू, बाकी तशीच.

"तशीच म्हणजे किती दिवस?" मी विचारलं.

"उभी आहे तोवर," तो म्हणाला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्त्रींना हवं तर येऊ द्या फिरायला. मी काही अडवणार नाही. त्यांचं आयुष्य गेलंय इथे." त्याला वाटलं तो चांगुलपणा करतोय. मला त्याच्या टेबलावरचं पेन उचलून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं.

दुसऱ्या सकाळी हे नेहमीच्या वेळेला उठले, बूट घातले, पाना घेतला. दारात थांबून म्हणाले, "येतेस ना ब्रेकवर?"

काय म्हणणार होते मी? गेले. फलाटावर चढले, दांड्यावर हात ठेवला. हे चढले आणि पहिल्या चढाच्या पहिल्या खांबापाशी बसून एक नट सोडायला लागले. पूर्ण नाही, फक्त एक पीळ. तो सोडला, पुढचा धरला. गंजायला लागलेले, पाईप लावून आवळलेले नट, थरथरता हात. एका नटाला किती वेळ जायचा ते बघवत नव्हतं. दुपारी खाली आले तेव्हा मी विचारलं, "हे काय चाललंय?"

म्हणाले, "कसलेलं सोडतोय."

"आता कशासाठी?"

चहा पीत राहिले. 

तसे दिवस जायला लागले. मी लेकीला सांगत राहिले, पुढच्या महिन्यात, थोडी आवराआवर राहिलीये. बॅगा भरलेल्याच होत्या. लागेल तसं एकेक काढून वापरत होतो आणि धुऊन परत बॅगेत ठेवत होतो. मला वाटायचं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती अजून चालते असंच यांना वाटतंय. नाहीतर मला दांड्यावर कशाला उभं केलं असतं? आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आधार वाटायचा. माणूस भ्रमात असला तर आज ना उद्या भ्रम उतरतो. मी वाट बघायची ठरवली.

पण वाट बघायला वेळ नव्हता. पूर्वी कुजलेली फळी दिसली की संध्याकाळपर्यंत बदलली जायची. आता लाकूड येणं बंद झालं. त्या फळ्यांवर हे रोज पाय ठेवत होते. एक फळी खाली पडलेली मला फलाटाजवळ सापडली, हातात घेतली तर केकसारखी तुटली. ती घेऊन मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "बंद आहे ना बाई ती. बंद वस्तूची कसली तपासणी?" आणि मग मला कळलं मी काय मागून घेतलं होतं. ती चालत होती तोवर कुणीतरी येऊन तिला बंद करू शकत होतं. दर वर्षी मला आशा होती. आता जी बंदच आहे तिला बंद कोण करणार? आगीतून निघून फुफाट्यात पडले मी, आणि तेही स्वतःच्या पायांनी.

एक दिवस माझ्या मनात आलं, नियम आहे की. मी दांड्यावर नसले तर हे चढणार नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही चढले नव्हते. मला ताप होता तेव्हा त्यांनी पार्क उघडायला उशीर केला होता, पण चढले नव्हते. माझ्या हातात एवढी एकच गोष्ट होती आणि मी ती वापरायची ठरवली.

सकाळी हे बूट घालून दारात थांबले. "येतेस ना?"

मी पांघरूण ओढून म्हटलं, "नाही. मी येणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही. मी बॅगा बांधतेय. तुम्ही बसा इथे, चहा घ्या, आपण लेकीला फोन करू."

हे म्हणाले, "बरं." आणि दार ओढून घेऊन गेले.

मी चहा टाकला. दोन कप. मला वाटलं, फाटकापर्यंत जातील, फलाट रिकामा बघतील, परत येतील. चिडतील, बोलणार नाहीत, पण परत येतील. चहा गार झाला. मी परत गरम केला. तोही गार झाला तेव्हा पायात सापडेल ते घालून मी धावत सुटले.

हे मोठ्या उतारावर होते. जिथे पाय सरकला होता त्याच्याही वर. पाठमोरे बसून पाना फिरवत होते. मी खालून हाक मारली, "अहो, मी ब्रेकवर नाहीये."

"माहितीये," वरून आवाज आला.

"मग चढलात कसे?"

त्यांनी मान वळवून खाली बघितलं. चेहऱ्यावर भ्रम वगैरे काही नव्हता. घरी मीठ कुठे ठेवलंय विचारतात तसे म्हणाले, "गाडी कुठे आहे ब्रेक धरायला? ती विकली ना त्यांनी."

वेड्याची समजूत घालता येते. आज ना उद्या शहाणा होईल म्हणून थांबता येतं. शहाण्याला काय सांगायचं? त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग मला रोज कशाला बोलावत होतात?" मी विचारलं. 

"तुला बरं वाटावं म्हणून. तू एकटी घरी बसून काय करणार होतीस?"

"आणि हे कशासाठी करताय?"

यांनी हातातल्या नटाकडे बघितलं. "तो पीळ तिचा होता," म्हणाले. "मी घेतला. परत देतोय. तशी आवळलेली ठेवून मला नाही जाता येणार." मग म्हणाले, "तू जा लेकीकडे. मी येतो मागून."

"कधी?"

त्यांनी समोर बघितलं. मीही बघितलं. पहिला चढ सोडून झाला होता आणि उताराचा थोडा भाग. पुढे मोठं वळण, त्याच्या पुढे दुसरा चढ, मग छोटे चढ आणि शेवटचं वळण पार तळ्याच्या कडेपर्यंत. नटच नट. त्या हातानं, त्या फळ्यांवर बसून.

"हे झालं की," म्हणाले आणि परत वाकले.

मला रडू आलं नाही. रागही आला नाही. मी फलाटावर चढले, कठड्यातून आत गेले. दांड्याला गंज चढला होता. गाडी नाही, चेन नाही, खालचा ब्रेक कुणीतरी भंगारात नेलेला. तो दांडा कशालाच जोडलेला नव्हता. मी तो दोन्ही हातांनी धरला. वर पान्याची करकर चालू झाली. माझ्या खिशात फोन वाजायला लागला. या वेळेला लेकच असते, नातवाला शाळेत सोडून आली की करते. वाजून थांबला, परत वाजायला लागला. मी घेतला नाही. माणूस रुळावर असताना दांड्यावरचा हात काढायचा नसतो.